‘आम्ही’च्या वरची जागा
देहूरोडच्या साहेबराव पेंटरने चाळीस वर्षांत किती ‘॥ श्री ॥’ काढले असतील, त्याची गणती नाही. ट्रकच्या कपाळावर, दुकानांवर, लग्नघराच्या भिंतींवर. घरी बुद्धवंदना करणारा माणूस, पण गिऱ्हाइकाच्या देवासाठी त्याचा ब्रश कधी अडला नाही. मग मेले फ्लेक्स आले आणि ब्रश वाळून गेले.

म्हणून ताथवड्याच्या सोसायटीचं काम त्याला जिवापाड मोलाचं होतं. सहा इमारती, सहा भिंती, प्रत्येकीवर संविधानाची उद्देशिका. पहिली भिंत सव्वीस जानेवारीच्या सकाळी पुरी झाली. झेंड्याला अर्धा तास असताना चेअरमन दौलतराव आले आणि वर बघून खूश झाले.

“श्रीसाठी जागा ठिवलीस व्हय? मग काढ की!”

जागा कसली, जुन्या पेंटरची खोड! वर वीतभर मोकळं सोडल्याशिवाय त्याला अक्षर मांडताच येत नसे.

“आप्पा, ह्याच्या वर काही येत नाही. घटना लिहिताना काही जण म्हणाले होते, देवाच्या नावानं सुरुवात करा. मतं घेतली, ते पडलं. पहिला शब्द ‘आम्ही’च राहिला.”

“आमच्यात वाण्याची यादीबी श्रीशिवाय हुत न्हाई! हजार ठिकाणी काढलंस, हितंच का अडतंय?”

“ती दुकानं ज्याची त्याची होती. हे सगळ्यांचं आहे.”

“मग ऱ्हायलेल्या पाच भिंती फ्लेक्सवाला करील!”

ब्रश हातात धरून साहेबराव जागचा हलला नाही. तेव्हा सत्तरीच्या दौलतरावांनी त्याच्या हातातला ब्रश हिसकावला आणि तरातरा शिडी चढले. शिडी डुगडुगली. साहेबराव धावला, खांदा लावून त्याने ती धरली.

वर दौलतरावांच्या नाकासमोर तो शब्द आला. ब्रश भिंतीपासून बोटभर लांब थांबला. खाली न बघताच त्यांनी विचारलं, “ह्या ‘आम्ही’त कोण कोण रं?”

“सगळेच, आप्पा. शिडी धरलेला पण.”

मग दौलतराव एकेक पायरी उतरले आणि ब्रश त्याच्या हातात परत दिला.

“पुढच्या पाची भिंतींवर वर जागा सोडू नगंस,” ते म्हणाले. “उगं माणसाचा हात शिवशिवतो.”