आकडेवाल्या आईचा फोटो

अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला आलो तेव्हा माझ्याकडे व्हिसा होता, नोकरीची परवानगी नव्हती. नवरा गाड्यांच्या कंपनीत, मुलगी शाळेत, आणि घरातली कामं उरकून मी सकाळीच मोकळी. रिकामं बसणं मला जमत नाही. म्हणून डेट्रॉइटमधल्या ज्येष्ठांच्या एका केंद्रात व्हॉलंटियर झाले. कुणाला डॉक्टरकडे न्यायचं, कुणाची औषधं आणायची, सगळं लिहून काढायचं आणि झालं की काट मारायची.

तिथे ऐंशी ओलांडलेल्या एक कृष्णवर्णीय बाई माझ्या वाट्याला आल्या. लग्न केलेलं नाही, जवळचं कुणी नाही. मी त्यांना ‘मॅम’ म्हणायचे. एक दिवस त्यांनीच विचारलं, तुमच्याकडे काय म्हणतात? मी म्हटलं, मावशी.

“मग तेच म्हण. मॅम माझ्या आईला म्हणायचे. पोलीस. तेही पाकीट खिशात गेल्यावर.”

मावशींची आई आकडे चालवायची. आपल्याकडचा मटका डोळ्यांपुढे आणा, तसाच धंदा. तीन आकडे सांगायचे, चार-दोन नाणी लावायची, लागला तर महिन्याचं भाडं निघायचं. बँका काळ्या माणसांना दारात उभं करत नव्हत्या त्या काळात ही बाई शहराच्या त्या भागाची मालकीण होती. हाताखाली सगळे पुरुष. ती खोलीत आली की टोप्या काढून उभे राहायचे.

औषधांच्या दुकानाच्या रांगेत मावशी सहज म्हणाल्या, “एकानं पैसे खाल्ले. आईनं त्याची बोटं मोडायला लावली.”

“मावशी!”

“आणि त्याच्या बायकोला हिवाळाभर कोळसाही आईनंच पाठवला. दोन्ही सांग हं कुणाला सांगशील तेव्हा. नुसता कोळसा सांगू नकोस.”

या धंद्याचा एक नियम होता. कागदावर काही ठेवायचं नाही. झडतीत चिठ्ठी सापडली की तुरुंग. त्यामुळे आईनं सगळ्यांना पाठांतर लावलं होतं, पोटच्या मुलीलासुद्धा. दहा-अकरा वर्षांच्या मावशी शाळेतून येताना घराघरांतून आकडे घ्यायच्या आणि स्वयंपाकघरात हात मागे बांधून आईपुढे म्हणून दाखवायच्या. चुकलं की पहिल्यापासून. दूध आणायचं तरी मी लिहून घेते. ऐकूनच मला धडकी भरली.

मावशींच्या लहानपणी मंदीत गाड्यांचे कारखाने बंद पडले तेव्हा त्यांच्या चर्चचं छप्पर गळत होतं. ते आईनं नवं बांधून दिलं. चर्चवाल्यांनी पैसे घेतले ते मागच्या दारानं. पुढच्या दारानं तिला कधी बसायला बोलावलं नाही. आता ते चर्च एक भिंत करणार होतं, ज्यांनी चर्च उभं केलं त्यांच्या फोटोंची. मावशींना त्या भिंतीवर आई हवी होती. दुसरं काहीच नको होतं.

“मी गेले की तिचा चेहरा ओळखणारं कुणी उरत नाही,” त्या म्हणाल्या. “निदान नाव तरी खाली लिहिलेलं असू दे.”

काम हातात आलं की मी मागे लागते. चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक होते, भला माणूस. म्हणाले, छपराचं आम्हीही ऐकलंय, पण काही तरी आधार हवा. एखादी पावती?

“आईनं पावत्या ठेवल्या असत्या,” मावशी म्हणाल्या, “तर ती तुरुंगातच म्हातारी झाली असती.”

ते खळखळून हसले. शेवटी ठरलं की मावशींनी कमिटीपुढे साक्ष द्यायची. तेव्हाचं बघितलेल्या त्या एकट्याच उरल्या होत्या. मी लिहून देते म्हटलं तर रागावल्या. गाडीत त्यांनी माझ्यापुढे तालीम केली. पैसे न्यायला कोण आलं, त्याच्या कोटाचं कुठलं बटण तुटलं होतं, पिठाच्या डब्यातून आईनं नोटा कशा काढल्या. कुठे अडखळल्या नाहीत.

मग थंडीत त्यांना छोटासा स्ट्रोक आला. आठवड्यात घरी आल्या, बोलत होत्या, चालत होत्या. मी म्हटलं, मीटिंग पुढे ढकलू या.

“ढकल. आणि मला कुठे ढकलणार?”

चर्चच्या तळघरात मीटिंग झाली. मावशी हॅट घालून आल्या. टेबलावर आईचा फोटो ठेवला. फरची कॉलर, गाडीच्या दारावर हात, चेहऱ्यावर हसू नाही. सुरुवात छान झाली. छप्पर गळत होतं, मंदी होती, एवढं म्हणाल्या आणि थांबल्या. सगळे वाट बघत होते. मग त्यांचे हात हळूच पाठीमागे गेले. मान ताठ झाली.

“न्हावी, तीन एक सात, दहा सेंट. लाँड्रीवाली, शून्य चार चार, पाच सेंट. लाल दाराचं घर, सहा दोन नऊ...”

“ते माझ्या आजीचं घर,” कमिटीतली एक बाई पुटपुटली. “आमची आजी आकडा लावत नव्हती.”

मावशी थांबल्या नाहीत. गल्लीमागून गल्ली येत राहिली. समोरचे सगळे खाली बघत होते. संपल्यावर मावशींनी एवढ्या आशेनं वर बघितलं, की मला बघवेना.

आम्हाला बाहेर बसवून त्यांनी मतदान घेतलं. अध्यक्षांनी मावशींचे दोन्ही हात हातात घेऊन सांगितलं, या वेळी नाही जमणार. फोटो जपून ठेवा.

गाडी सिग्नलला थांबली तेव्हा मावशी म्हणाल्या, “छपराचं सांगितलं ना मी?”

मी खरं तेच सांगितलं. “नाही मावशी. ते राहिलं.”

“मग वळव गाडी.”

वळवली. पार्किंग रिकामं झालं होतं. चर्चच्या दाराला कुलूप. मावशी हट्टानं उतरल्या, फोटो छातीशी धरला, आणि त्या बंद दारापुढे उभं राहून सगळं सांगितलं. कोट, तुटलेलं बटण, पिठाचा डबा, नोटा, छप्पर. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मी मागे उभी राहून ऐकत होते. थंडीनं त्यांचा आवाज कापत होता, तरी मी त्यांना गाडीत चला म्हटलं नाही.