बट नंबर एकतीस

माझी शेवटची पोस्टिंग सैन्याची नव्हती. ओमानात निझवाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथे एक लांबट खोली, तिला लोखंडी दार, आत एकशे बारा जुन्या रायफली आणि दोन माणसं. त्यांतली एक मी, मेजर (निवृत्त), आर्मी ऑर्डनन्स कोअर. दुसरा हवालदार दत्ताराम शिगवण, निवृत्त आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, तालुका दापोली.

इरा, कबीर, तुमचं मराठी अडखळतं, म्हणून वाक्यं लहान ठेवते. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. पण शेवटपर्यंत तुम्हीच वाचा.

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर कबीरने विचारलं, "आजी, डिड यू एव्हर किल एनीवन?" मी म्हणाले, "नो. ऑर्डनन्समध्ये आम्ही सामान मोजतो." तुम्ही दोघं हसलात. ते उत्तर अपुरं होतं. पुरं उत्तर हे आहे.

सैन्य सोडल्यावर मी मस्कतला आले, कारण आजोबांची नोकरी इथे होती. तुमची आई कॅनडाला गेल्यावर मदिनत सुलतान काबूसमधल्या आमच्या घरात आवरण्यासारखं काही उरलं नाही. त्याच सुमारास सालिम नावाचे एक निवृत्त ओमानी अधिकारी आजोबांना भेटले. सगळे त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत. त्यांनी आसपासच्या गावांतून जुन्या रायफली जमवल्या होत्या. कोणाच्या पणजोबांची मार्टिनी, कोणाची थ्री-नॉट-थ्री. पोलिसांचा परवाना होता. त्यांना घरातच म्युझियम करायचं होतं आणि रजिस्टर ठेवणारं माणूस हवं होतं. मी हो म्हणाले.

आमची खोली म्हणजे कोत. सैन्यात हत्यारांच्या खोलीला कोत म्हणतात. मी मस्कतहून साडेपाचला निघायची, सव्वासातला कोत उघडायची. शिगवण मागच्या खोलीतच राहायचे. दुपारचे चार, म्हणजे सोळाशेला रजिस्टर बंद. अंधार पडायच्या आत मला घरी पोचायचं असे. हा नियम मी केला होता आणि कार्यक्रमाची संध्याकाळ सोडली तर तो मी एकदाही मोडला नाही.

रायफलींचे तीन प्रकार केले. पहिल्या मुक्या. त्यांची नळी बुजवलेली. ईदला आणि लग्नात गावचे पुरुष नाचताना रायफल हवेत उंच फेकतात आणि झेलतात, त्यासाठी या. दुसऱ्या बारवाल्या. यांत फक्त आवाजाचं काडतूस बसतं. खरं काडतूस घातलं तर बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, मिटतच नाही. ही दोन्ही कामं शिगवणांनी केली, एकेक रायफल टेबलावर घेऊन, दोन वर्षं. तिसऱ्या खऱ्या. त्या नऊ होत्या, त्यांतल्या चारांच्या लाकडाला चांदीची कडी. त्यांना हात लावायचा नाही, त्या म्युझियमच्या. त्या जाळीच्या कपाटात, साखळी घालून. कोतला आणि कपाटाला दोन-दोन चाव्या, एकेक माझ्याकडे, एकेक त्यांच्याकडे.

प्रत्येक रायफलीच्या दस्त्यावर, म्हणजे लाकडी बटावर, मी पांढऱ्या रंगात नंबर घालायला लावला. आमच्या सैन्यात जवान आपली रायफल बट नंबरने ओळखतो. झोपेतून उठवून विचारा, सांगेल. रजिस्टरही बट नंबरानेच लिहिलं. शिगवणांना ते पटलं नव्हतं.

"मॅडम, रायफलीचं नाव बॉडीवर ठोकलेलं असतं. लोखंडावर. बट म्हंजे नुसता शर्ट."

"शर्टावर नंबर घाला, शिगवण."

"घालतो. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात, तसं दिसंल."

"दिसू दे. आणि सातचा आकडा वाकडा झालाय. परत काढा."

त्यांनी सात तीनदा काढला. मी तीनदा काढायला लावला. तिसऱ्यांदा तो पहिल्यासारखाच आला होता. हे मी तेव्हाही पाहिलं होतं.

गावात शिगवणांची एक थट्टा ठरलेली होती. अर्बाबांचे चुलते नासिर ऐंशीच्या घरातले. कमरेच्या पट्ट्यात शोभेला जुनी खरी काडतुसं. दर कार्यक्रमाला ते एक काडतूस काढायचे, बारवाल्या रायफलीत कोंबायचे, रायफल शिगवणांच्या छातीवर धरायचे आणि बोल्ट मिटत नाही हे सगळ्यांना दाखवून वर चापही ओढायचे.

"या हिंदी माणसाने आमच्या रायफली खच्ची केल्या!"

शिगवण छाती पुढे काढायचे. "खच्ची बकरा मारत नाही, चाचा. पण वजन भारी भरतं."

लोक हसून लोळायचे. मी दोनदा सांगितलं, हत्यार माणसावर धरायचं नाही, रिकामं असलं तरी. शिगवण म्हणाले, "मॅडम, म्हाताऱ्याचा तेवढाच सण. आन् काम मी केलंय. मला भरवसा हाय." तिसऱ्यांदा मी बोलले नाही.

ईदच्या पहिल्या दिवशीही मी कोतवर होते. सोळाशेला रजिस्टर बंद केलं, कुलूप लावलं, गाडीत बसले. इंजिन सुरू केलं तेवढ्यात शिगवण धावत आले. हाताला तेल.

"मॅडम, एक नोंद ऱ्हायलीय. अर्बाब आत्ता येऊन..."

"किती वाजले?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. "सोळाशे दहा."

"रजिस्टर किती वाजता बंद होतं?"

"सोळाशे."

"मग उद्या."

त्यांनी खिडकीतून चिठ्ठी पुढे केली. मी ती न उघडता काचेवरच्या सनव्हायझरमध्ये खोचली. त्यांनी सॅल्यूट केला. मी गिअर टाकला.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम संध्याकाळचा होता, म्हणून मी उशिरा निघाले. दोन वाजता कोत उघडला. शिगवण मैदानावर दोर बांधायला गेले होते. रॅक तपासला. बारवाल्यांच्या रॅकमध्ये चांदीच्या कड्यांच्या चार रायफली होत्या. त्यांचे नंबर खऱ्यांचे. खऱ्यांच्या कपाटात चार साध्या बटांच्या. अकरा, चोवीस, एकतीस, चाळीस. रजिस्टर उघडलं. चारही बारवाल्या.

मला राग आला. राग खरा होता, पण त्याच्याखाली समाधानही होतं. दोन वर्षांत शिगवण पहिल्यांदा चुकीत सापडले होते. त्यांना काय बोलायचं ते मी मनात जुळवलं. मग माझ्या चावीने कपाट उघडलं आणि आठही रायफली रजिस्टरप्रमाणे आपापल्या जागी ठेवल्या. चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत मला चिठ्ठी आठवली नाही. साडेतीनला व्हॅन आली. बारवाल्या आणि मुक्या मोजून दिल्या आणि सही केली.

आमच्याकडे दोन वॉकी-टॉकी होते. चार चाळीसला मैदानावरून शिगवणांचा आवाज आला. मागे ढोल वाजत होते.

"स्टोअर, ग्राउंड. चांदीवाल्या चार आल्या न्हाईत. अर्बाब इचारतायत. ओव्हर."

"ग्राउंड, स्टोअर. चांदीवाल्या खऱ्या आहेत. तुम्ही रॅक चुकवलात. मी दुरुस्त केलं. ओव्हर."

"मॅडम, दुरुस्त म्हंजे काय केलं? ओव्हर."

"बट नंबर पाहून जागेवर ठेवल्या. त्यांच्या जागी अकरा, चोवीस, एकतीस, चाळीस पाठवल्या. ओव्हर."

"मॅडम, मी काल बट बदलले. चांदीचे बारवाल्यांना लावले, बारवाल्यांचे खऱ्यांना. पाव्हणे येणार म्हणून अर्बाबांना चांदी मैदानात पायजे होती. चिठ्ठी दिली व्हती. त्या चार खऱ्या हायत."

त्यांनी ओव्हर म्हटलं नाही. मी कोतच्या दारात आले. मैदान साठ-सत्तर पावलांवर होतं. शिगवण रांगेतून पळत होते.

"अकरा घेतली. चाळीस घेतली." धाप. "चोवीस घेतली. एकतीस दिसत न्हाय."

मला दिसली. नासिरचाचांच्या हातात होती. तीन रायफली खांद्याला लावून, रेडिओ धरलेला हात पुढे करून शिगवण आपल्याकडे येताना पाहून ते खूश झाले. थट्टेची वेळ झाली असं त्यांना वाटलं. त्यांनी पट्ट्यातून काडतूस काढलं. त्या काडतुसांतली कित्येक इतकी जुनी होती, की उडालीही नसती.

मी ओरडले. ढोलापुढे माझा आवाज मलाच आला नाही. शिगवणांच्या बोटाखाली रेडिओचं बटण दाबलेलंच होतं. म्हाताऱ्याची ललकारी रेडिओवर आली. मग बोल्ट पुढे जाऊन पूर्ण मिटल्याचा आवाज आला. दोन वर्षांत जो एकदाही आला नव्हता. आर्मररला तो आवाज कळतो.

"मॅडम, एकतीस..."

चार त्रेचाळीसला गोळी सुटली. लोक आधी हसले. त्यांना वाटलं, शिगवण नाटक करतायत.

मी पोचले तेव्हा ते जिवंत होते. मी जखम दाबून धरली. त्यांनी रायफलीकडे बोट केलं. बोल्ट उघडून ती रिकामी करा, असं त्यांना सांगायचं होतं. मी केली. त्यांनी ते पाहिलं. ॲम्ब्युलन्स यायच्या आत ते गेले.

पोलीस आले. मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीत बसवून अर्बाबांनी मला पाणी दिलं.

"मेजर, चाचा म्हातारे आहेत. तुम्हाला मुलं-नातवंडं आहेत. शिगवण तर गेलाच. मेलेल्याला काय लागणार? खलास."

पोलीस अधिकाऱ्याने विचारलं, बट बदलल्याची रजिस्टरमध्ये नोंद आहे का? मी म्हणाले, नाही. शब्द न् शब्द खरा होता. माझं इंग्रजी चांगलं, म्हणून जबाब मीच लिहिला. 'आर्मररने बट परस्पर बदलले व नोंद करण्यात कसूर केली.' खाली सही केली, तारीख घातली. सही करताना चिठ्ठी मला आठवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मस्कतला निघाले. त्या रस्त्याला सकाळचं ऊन समोरून येतं. मी सनव्हायझर खाली ओढला आणि चिठ्ठी मांडीवर पडली. पेन्सिलीने लिहिलेली. आठ बॉडी नंबर, त्यांच्यापुढे जुने बट नंबर, नवे बट नंबर. खाली, 'मॅडम, रजिस्टरला घ्यावे. द. शिगवण, हवालदार.' सात सरळ काढला होता.

गाडी बाजूला घेतली. तिथून मागे वळायला रस्ता होता. मी वळले नाही.

त्यांच्या सामानाची यादी मी केली. दोन गणवेशी शर्ट, इस्त्रीचे. एक रेडिओ. हत्यारांचा रोल, पूर्ण. तेराव्याच्या दिवशी त्यांच्या बायकोचा, सुलभाताईंचा फोन आला. गावातले माजी सैनिक भेटायला आले होते. त्यांतलं कोणी म्हणालं, हवालदार असून रायफल ओळखता आली नाही?

"मॅडम, तुमी थितं व्हतात. त्येंची चूक व्हती का?"

"रिपोर्टात तसं आहे."

मग म्हणाल्या, "मग आसंल. तुमी शेवटी जवळ व्हतात, तेवढं बरं झालं."

त्यानंतर दर मे महिन्यात गावच्या कोणाच्या तरी हातून त्या आमसुलं पाठवतात. मी नेहमी अर्धी तुम्हाला पाठवते. कबीरला आमटीत तीच आवडतात.

हे सगळं मी दोनदा लिहिलं आहे. ही प्रत तुमची. दुसरी, जबाबाच्या नकलेसह आणि मूळ चिठ्ठीसह, आज सकाळी सुलभाताईंना पाठवली. जबाब मागे घ्यायचा अर्ज निझवाला जाऊन स्वतःच्या हाताने देणार आहे. पुढे जे होईल ते होईल.

हवालदार दत्ताराम शिगवण, आर्मरर. सोळाशे दहाला त्यांनी नोंद दिली होती.

यंदा आमसुलं येणार नाहीत. आईला म्हणावं, दुकानातून आण.