सैल पाटल्या, आवळलेली ठुशी

"पाटल्या सैल झाल्या आणि ठुशी आवळाय लागली. कसलं गं हे डाएट, वैनी?"

दाराबाहेरच्या बाकावरून हे ऐकू आलं, तेव्हा मी आत फाइल शोधत होते. मी कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन आहे. बाहेर वारणानगरच्या सुनंदाताई आणि त्यांची धाकटी नणंद बसल्या होत्या. सुनंदाताईंची उंची पाच फूट आठ इंच. चार महिन्यांपूर्वी वजन शहाण्णव किलो होतं, आता अठ्ठ्याऐंशी. इतक्या नेटानं डाएट करणारे पेशंट थोडेच.

नणंद हसत होती. मला ते वाक्य खटकलं. ठुशी गळ्याला घट्टच बसते, पण मागची दोरी सरकवली की सैल होते. मी सुनंदाताईंना आत बोलावलं.

"ताई, दोरी किती वेळा सैल केली?"

"दोनदा. आता दोरीच संपली की." त्या ओशाळल्या. "गळ्याचीच जाडी तेवढी उतरंना बघा, मॅडम."

पहिल्या भेटीत मी प्रत्येकाची कंबर, मनगट आणि गळा टेपनं मोजते. स्टाफ त्याला वेळकाढूपणा म्हणतो. ठुशी काढायला लावून मी परत मोजलं. कंबर सात सेंटिमीटरनं कमी, मनगटही कमी. गळा दीडनं जास्त. पुन्हा मोजला, तेवढाच. मग त्यांना पाण्याचा ग्लास दिला. थायरॉईड ग्रंथी श्वासनलिकेला चिकटलेली असते, म्हणून घोट घेताना ती वर सरकते. त्यांच्या घोटाबरोबर उजवीकडे काहीतरी वर गेलं आणि खाली आलं.

मी फिजिशियन सरांकडे गेले.

"सर, सुनंदाताईंचा गळा..."

"टीएसएच नॉर्मल आहे. फॅट आधी कुठलं उतरेल, सांगता येतं का? पुढचा चार्ट दे त्यांना."

टीएसएच ही रक्ताची तपासणी. ग्रंथी काम नीट करते का, एवढंच ती सांगते. आत गाठ आहे का, हे नाही. थायरॉईडच्या कॅन्सरमध्येही ती बहुतेकदा नॉर्मल येते. उंच आणि जाड माणसांना या कॅन्सरचा धोका थोडा जास्त असतो. थोडाच, बहुतेकांना तो कधीच होत नाही. पण जाड गळ्यात गाठ लपून राहते. हे सगळं मला माहीत होतं. मी इंग्लिश मीडियमची. डोक्यातलं वाक्य मराठीत येईपर्यंत समोरचा पुढच्या पेशंटकडे वळलेला असतो. सर वळले होते.

मी केसपेपरवर लिहिलं: वजन, कंबर, मनगट कमी. गळा जास्त. घोट घेताना गाठ हलते. कागद सरांच्या पुढ्यात ठेवला आणि तिथंच उभी राहिले. बाहेर नणंद म्हणत होती, "ऊठ की गं वैनी, एसटी जाईल."

सरांनी वाचलं. परत वाचलं.

"बोलव त्यांना," म्हणाले आणि स्वतःच उठले.

सोनोग्राफीत गाठ दिसली. सुई घालून पेशी तपासल्या. पॅपिलरी कॅन्सर निघाला, पण ग्रंथीच्या बाहेर न गेलेला. ग्रंथीचा अर्धा भाग काढला. आता फक्त ठरलेल्या वेळी तपासणी.

ओपीडीच्या फॉर्ममध्ये सरांनी गळ्याच्या मापाचा रकाना घातला. माझं नाव घेतलं नाही. टेप मात्र माझाच नेला. वजनकाट्याला माणूस म्हणजे एकच आकडा असतो, हे मी नवीन टेप घेताना लक्षात ठेवलं.

गेल्या महिन्यात दोघी परत आल्या. टाक्यांच्या रेघेवर ठुशी होती आणि दोरी चांगली तीन बोटं शिल्लक. बाक भरलेला होता. नणंद शेजारच्या बाईला सांगत होती, "जाडीनंच झालं बघा सगळं. आधीच तोंड आवरलं असतं तर?"

सुनंदाताईंनी मान खाली घातली.

मी दारात उभी होते. या वेळी वाक्य थेट मराठीतच आलं, तेही सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं.

"जाडीनं झालं का, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण ताईंनी आठ किलो उतरवले, म्हणून ती गाठ सापडली."