जयवंताच्या हाताची जमीन

“वहाना बाहेर, मानूस आत.”

जयवंताबाई हे सगळ्यांना म्हणायची. तलाठ्याला म्हणाली, सोयरीक पाहायला आलेल्यांना म्हणाली, मत मागायला आलेल्या उमेदवारालाही म्हणाली. तो हसला, पण बूट काढून आत आला. काटोलजवळच्या आमच्या गावात तिच्यासारखं सारवण कोणाला जमलं नाही. शेण, माती आणि बारीक कुटार, म्हणजे भुसा, कालवून ती गुडघ्यावर बसायची आणि तळहातानं अर्धगोल काढत मागे मागे सरकायची. एकाला लागून दुसरा, छपरावरच्या कवेलूंसारखे. वाळलं की सकाळचं ऊन त्यांच्यावरून हळूहळू उतरत जाई.

ब्याऐंशी साली महादेवराव तिला नागपूरला घेऊन गेले. ते आमच्याच गावचे, तिथल्या सदर भागातल्या एका बंगल्यात माळी. मालकीण कुसुमताईंना घर सजवण्याचा भारी शौक. वेताचे दिवे, भिंतीला सागवानी पट्ट्या, माणूस बुडून जाईल असा सोफा. जयवंतानं सगळं मन लावून पाहिलं. घर तिला आवडलं, खोटं कशाला सांगू. पडद्याच्या काठाचा रंग उशांनी उचलला आहे, हे तिनं बोट दाखवून सांगितलं तेव्हा कुसुमताई चकित झाल्या.

दिवाणखान्याच्या दाराजवळच्या कोपऱ्यात त्यांना गावाकडची बैठक हवी होती. खाली सारवण, वर गादी, शेजारी पितळी समई. जयवंतानं अट एकच घातली : या जमिनीवर वहाणा नकोत. कुसुमताई हो म्हणाल्या. बंगल्यातल्याच गाईचं शेण घेऊन तीन दिवस ती गुडघ्यांवर होती.

रविवारी पाहुणे जमले. जयवंता व्हरांड्यात बसली, आत ये असं कोणी म्हटलं नाही. उघड्या दारातून तिला सगळं ऐकू येत होतं. कुसुमताई सांगत होत्या की कल्पना मुंबईच्या डिझायनरची. आता वरून वार्निश मारलं की जन्मभर हात लावायला नको. बायका टाचांच्या चपलांनी अर्धगोलांवर उभ्या होत्या. एक साहेब बुटाचं टोक घासून पाहत होते, शेण खरंच आहे का म्हणून.

जयवंता दारात येऊन उभी राहिली.

“ताई, वहाना.”

कुसुमताई हसत, पण दातांतल्या दातांत म्हणाल्या, “हे तुझं खेड्यातलं घर नव्हे. बाहेर थांब.”

ती बाहेर गेली खरी. परत आली ती बादली आणि ओलं पोतेरं घेऊन. पाहुणे आपोआप मागे सरले. तिनं गादी उचलून सोफ्यावर टाकली, भिंतीच्या कडेला गुडघे टेकले आणि एकेक अर्धगोल पुसायला लागली. जशी सारवत आली होती तशीच मागे मागे सरकत. बुटवाले साहेब आता वाकून नाड्या सोडत होते. तिनं त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

“हे काय चालवलंयस?” कुसुमताईंचा आवाज चिरकला.

“जमीन तुमची हाये, ताई. शेन बी तुमच्याच गाईचं. हात माहा हाये, तो घेऊन चालली.”

शेवटचा अर्धगोल उंबऱ्याशी होता. तोही पुसला. मागे नुसता चिखलाचा डाग उरला.

फाटकाबाहेर काढून ठेवलेल्या आपल्या चपला तिनं पायांत सरकवल्या आणि बसच्या रस्त्याला लागली. हात धुतले नव्हते. महादेवराव पाण्याचा पाइप धरून उभे होते. एकच कुंडी भरून वाहत होती, चिखल त्यांच्या पायांपर्यंत आला होता, आणि ते वळणापर्यंत तिची पाठ पाहत राहिले.