शटरचं बटण आणि खंडेनवमीचा नारळ

सातारच्या ज्या कारखान्यात मला पहिली नोकरी लागली, त्याच्या गोदामाला विजेवर चालणारं शटर होतं. भिंतीवरचं हिरवं बटण दाबलं की ते वर जाई. आमच्या मॅनेजर साहेबांना त्याचा कोण अभिमान! पाहुण्यांना आधी शटर दाखवायचे, मग माल.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि बटण दाबून शटर हलेना. साहेबांनी खुर्चीत बसूनच निदान केलं, मोटर जळली. जळका वास नाही, काळी तार नाही. पण साहेब बोलले म्हणजे जळलीच. पुण्याहून मेकॅनिक बोलावला आणि रोज शटर उघडणाऱ्या वॉचमनला इंग्रजीत मेमो दिला.

वॉचमन मेढ्याकडचे, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मेमो वाचून घ्यायला ते माझ्याकडे आले. आष्ट्याच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बटण दांडगाईनं दाबून मोटर जाळली, तीन दिवसांत खुलासा द्या, नाहीतर नोकरी संपली, असं त्यात होतं.

"आवं, इतकी वर्सं बंदूक संभाळली," ते म्हणाले, "आन् बटान दाबाया येत न्हाई व्हय मला?"

साहेबांनी मला कामाला लावलं, ते उपकार मी विसरलेलो नाही. त्या उपकारापोटी दोन दिवस गप्प बसलो, ही लाजही विसरलेलो नाही. तिसऱ्या दिवशी, मेकॅनिक यायच्या आत, मेन स्विच बंद केला, बटणाच्या दोन्ही तारा सोडवून एकमेकींना जोडल्या आणि स्विच चालू केला. शटर खडखडत वर गेलं. मोटर ठणठणीत होती.

"मग बटण बिघडवलं कोणी?" साहेबांनी विचारलं.

मी बटण उघडून त्यांच्यापुढं धरलं. आत हळद-कुंकवाचा चिकट चिखल होता. खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेत साहेबांनी स्वतः नारळ फोडून बटणावर पाणी शिंपडलं होतं, शंभर माणसांसमोर. आता दोष द्यायला त्यांना हवेतला ओलावा आठवला. विज्ञान असं वेळेवर कामाला येतं.

"ऑल राइट," म्हणत त्यांनी मेमो परत मागितला.

हवालदारांनी तो दिला नाही. "चूक माजी न्हवती, एवडं मराठीत सांगा साहेब. समद्यांनी ऐकलं पायजे."

साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. पण हवालदारांकडं न बघता, भिंतीकडं बघून.