सखीरच्या वाळूतला शेंदूर

बहरीनमध्ये पायी भटकायचं असेल तर जानेवारीत जा, असं मी लोकांना अगदी अधिकारवाणीनं सांगते. प्रत्यक्षात मी तिथल्या वाळवंटात एकदाच चालले आहे, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, आणि तेही बावीस पोळ्यांच्या गुंडाळ्या, मलमाची डबी आणि मुलांच्या नावांच्या तीन याद्या घेऊन. तीन याद्या अशासाठी की एक हरवली तर दुसरी असावी आणि दुसरी हरवली तर मी रडत बसू नये.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. लग्न होऊन मनामाला आले होते आणि सबनीसबाईंच्या बालवर्गात उमेदवारी करत होते. सबनीसबाई मूळच्या पुण्याच्या. भाड्याच्या एका घरात भारतीय मुलांचा वर्ग चालवायच्या. तीन आठवडे त्यांनी मला "बघू" या एका शब्दावर ठेवलं होतं. मला ती नोकरी फार हवी होती. घरी बसून एसीचा आवाज ऐकायचा कंटाळा आला होता हे एक, आणि दुसरं म्हणजे पहिल्या चार यत्ता मी शाळेत गेलेच नव्हते. कोकणातल्या आमच्या गावाला शाळा खाडीपलीकडे, म्हणून आत्यानं घरीच शिकवलं. त्यामुळे वर्गात खडू घेऊन उभं राहताना मला कायम वाटे, आता कुणीतरी येऊन विचारणार, "तुम्ही इथे कशा?"

बाईंनी शुक्रवारची, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवसाची, सहल ठरवली. बेटाच्या दक्षिणेला सखीरच्या बाजूला सरकारनं रान राखलं आहे, तिथे हरणं दाखवायची. जाताना बाई म्हणाल्या, "सुनंदा, आज तुझी परीक्षा समज. पालकांनी मुलं विश्वासानं दिलीत. एका जरी पालकानं मूल काढून घेतलं, तर मला दुसरी मदतनीस बघावी लागेल."

"हो बाई," मी म्हणाले आणि याद्या चाचपल्या.

सकाळी सातला बाब अल बहरीनसमोरून, म्हणजे मनामाच्या वेशीवरून, छोटी बस निघाली. माणशी एक दिनार, त्यात बस आली. अवाली या तेलकंपनीच्या वसाहतीपर्यंत रस्ता झकास. मग दोन्ही बाजूंना तेलाचे पंप माना वरखाली करताना दिसू लागतात आणि त्यांच्यामधून जाड नळ कुठून कुठे जातात ते देवाला ठाऊक. पोरांनी पंप मोजले. मी पोरं मोजली. पंधरा.

शेवटचे दोनेक किलोमीटर बस जाईना, वाळूत चाकं रुततात म्हणून चालकानं डांबरी रस्त्यावरच थांबवली. तिथून पायी. ज्यांना जायचंय त्यांनी लक्षात ठेवा: वाळूत चप्पल घालून चालणं म्हणजे दर पावलाला अर्धं पाऊल मागे येणं. सगळ्या मुलांना बूट घालून या असं मीच बजावलं होतं. स्वतः मात्र कोल्हापुरी घातली होती, कारण साडीवर बूट बरे दिसत नाहीत. सहा वर्षांची केतकी माझ्याकडे बघून म्हणाली, "मिस, यू आर व्हेरी स्लो." मराठी तिला सगळं कळायचं, पण अपमान ती इंग्रजीत करायची.

वाळूच्या टेकड्या फार उंच नाहीत, माणसाच्या उंचीच्या. मध्ये खुरटी, करडी झुडपं. वारा असा गार की स्वेटरवर शाल घ्यावी लागली. कुंपणाच्या आत गेलो आणि वाऱ्याला अडवायला लावलेली सुरूची रांग दिसली. सुरू! आमच्या किनाऱ्यावर हाच आवाज रात्रंदिवस कानात असतो. मी बाईंना म्हणाले, "इथे घरच्यासारखं वाटतंय." बाई म्हणाल्या, "घरच्यासारखं वाटू देऊ नकोस, लक्ष कमी होतं." हे त्यांनी का म्हटलं ते पुढे कळलं.

हरणं दिसली. वाळूच्याच रंगाची असल्यामुळे हलेपर्यंत दिसत नाहीत, आणि हलली की आपल्याला वाटतं टेकडीच सरकली. इम्रान नावाचा आमचा हैदराबादी पोरगा एरवी एक मिनिट गप्प बसायचा नाही, तो तोंड उघडं ठेवून पाहत राहिला. सुरूच्या सावलीत पोळी-भाजी, खुबूस म्हणजे तिथली जाड रोटी आणि संत्री खाल्ली. मी सगळी सालं पिशवीत भरली, शेजारच्या एका अनोळखी कुटुंबाचीसुद्धा.

परतताना बाई पाच मोठी मुलं घेऊन पुढे गेल्या. मागे मी आणि दहा जण. एका टेकडीला वळसा घातला आणि समोर ते दिसलं. एकटंच काटेरी झाड. फांदीला लाल कापडाची चिंधी. बुंध्याशी गुडघाभर उंचीचा दगड, वरून खालपर्यंत शेंदरी.

आत्याची शिकवण अशी होती: शेंदूर दिसला की आधी चप्पल काढायची, देव कुठला ते मागाहून विचारायचं. मी चप्पल काढली. हात जोडले. मनात आलं, इतक्या लांब, या वाळूत कुणी बिचाऱ्या कोकण्यानं याला स्थापलं असेल! डोळे भरून आले. परीक्षेत पास कर, असंही मी सांगून टाकलं.

"मिस, इज इट गॉड?" केतकीनं विचारलं.

"यस," मी म्हणाले. इतक्या ठामपणे मी आयुष्यात क्वचितच काही बोलले असेन.

मी प्रदक्षिणा घालायला लागले आणि तिसरी संपवून वळले, तर दहाच्या दहा मुलं मोजे घालून माझ्यामागून रांगेनं फिरत होती. बूट ओळीनं मांडलेले. वर्गात तीन आठवडे मी रांग शिकवत होते, एकदाही जमली नव्हती.

तेवढ्यात रानाची राखण करणाऱ्या अबू जासिमची गाडी आली. तो उतरला, आम्हाला पाहिलं, आणि मुंडाशाचं टोक तोंडावर धरून हसायला लागला. "मफी मंदिर, मंदिर नहीं, सिस्टर! हादा ऑइल! नीचे पाइप, ऊपर निशान. कोई खोदे नहीं, इसलिए लाल." चिंधीकडे बोट करून म्हणाला, "ये भी कंपनी का. शूज पेहनो, यल्ला!"

मी पाया पडले होते ते गाडलेल्या तेलाच्या नळाच्या खुणेच्या.

माझी फजिती झाली याचं मला काही नाही, ती रोजची. पण दहातली चार मुलं आमच्या देवांची नव्हती. त्यांच्या आईबापांना न विचारता मी त्यांना प्रदक्षिणा घालायला लावली होती, आणि वर "यस" म्हणाले होते. बाईंनी काहीच पाहिलं नव्हतं. अबू जासिम निघून गेला होता. मुलं संध्याकाळपर्यंत विसरलीही असती. बसपर्यंतच्या वाटेवर मी हे सगळं स्वतःला व्यवस्थित समजावलं आणि बसमध्ये बसताक्षणी बाईंना सगळं सांगून टाकलं.

बाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. खांदे हलत होते, पण रागानं की कशानं ते कळेना. मग म्हणाल्या, "घरोघरी जाऊन मी सांगणार नाही. उतरल्यावर एकेका पालकाला तूच सांग. आणि मी काय म्हणाले होते ते लक्षात आहे ना?"

"आहे."

बाब अल बहरीनला पालक उभेच होते. मी यादी काढली आणि दहा वेळा तेच सांगितलं. केतकीची आई हसून खाली बसली. सुजाची आई मल्याळी ख्रिस्ती, नवरा तेलकंपनीत; ती म्हणाली, "पाइपला? अय्यो, सुट्टीत ऑफिसच झालं की!" शेवटी इम्रानचे वडील राहिले. गंभीर माणूस. शुक्रवारची नमाज उरकून आलेले, पांढरा शुभ्र कुर्ता. मी हिंदीत अडखळत सांगितलं, काहीही न गाळता.

त्यांनी मुलाला विचारलं, "बेटा, तुमने क्या किया?"

"शूज निकाले, राउंड मारा. फिर अंकल ने बोला तेल है."

ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आप न बतातीं तो मुझे पता भी न चलता."

"जी."

"अगली बार पहले पूछेंगी?"

"जी. पहले पूछूँगी."

"तो शनिवार को आएगा ये," ते म्हणाले आणि मुलाचा हात धरून निघाले. जाता जाता पोरगा त्यांना हरणं कशी पळतात ते दाखवत होता.

सबनीसबाई मागेच उभ्या होत्या. "तूही ये," त्या म्हणाल्या. "साडेसहाला. आणि बूट घालून."

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं तर तो इतका हसला की शेजारच्या काकू विचारायला आल्या. मला मात्र उभं राहता येईना, टाच ठणकत होती. पाहिलं तर आत काटा, त्या झाडाचाच. इतका वेळ मला पत्ताच नव्हता. नवऱ्यानं सुई तापवून तो काढला, पण टोक आत राहिलं.

आता तिकडे चांगले रस्ते झालेत म्हणतात. जाणार असाल तर वेळा आधी विचारून घ्या, पाणी जास्त न्या आणि पायांत बूट असू द्या. माझं ते टोक पुढे आठवड्याभरानं आपोआप निघालं. वर्गात हजेरी घेत होते मी तेव्हा, माझ्या स्वतःच्या वर्गात, एका पायावर उभी राहून.