सैल केलेली तार

दहावी झाल्यावर मला नांदेडहून उचलून लातूरला मामाकडे ठेवलं, क्लाससाठी. तेव्हा मराठवाड्यातल्या घराघराला पोरगं डॉक्टर करायचं होतं आणि त्याचा रस्ता लातूरवरून जात होता. मामेभाऊ माझ्याच वयाचा. क्लासमध्ये तो पहिल्या बॅचला, मी शेवटच्या. एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलं असतं. पण दुबईला असलेल्या त्याच्या मामानं त्याला इलेक्ट्रिक गिटार पाठवली.

लाल गिटार, तिचा आवाज मोठा करणारा सुटकेसएवढा काळा अँप आणि एक नारिंगी पेडल. पेडलवर पाय दिला की साधा सूर फाटायचा, खरखरत अंगावर यायचा. सोबत एका परदेशी बँडची कॅसेट होती. त्यातला गाणारा घसा फोडून ओरडायचा, आणि कव्हरवर तो मोकळ्या केसांनी, ढगळ स्वेटर घालून, कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखा उभा होता. मामेभावानंही कपाटातून स्वेटर काढून अंगात चढवला. लातूरच्या एप्रिलमध्ये तो मामीनं विणलेला लोकरी स्वेटर घालून गच्चीवर बसायचा आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये खोल्या घेऊन राहणाऱ्या क्लासच्या मुली त्याच्याकडे बघायच्या. त्याला ऊन लागावं असं मला फार वाटायचं. लागलं नाही कधी.

सरळ सांगतो, मी जळत होतो. नांदेडला आमच्या गल्लीतल्या भजनात मी लहानपणापासून पेटी वाजवलेली. सूर कणभर सरकला तरी माझे कान उभे राहायचे. हा मात्र तीनच कॉर्ड वाजवायचा, त्यातले दोन बेसूर. चणे त्याच्याकडे आणि दात माझ्याकडे. कॅसेट ऐकून ऐकून मला उमगलं होतं की तो परदेशी माणूस सगळ्यात जाड तार सैल करून वाजवतो, म्हणून तो आवाज जमिनीतून आल्यासारखा वाटतो. मामेभाऊ गिटारीसोबत आलेल्या पुस्तकात दिली होती तशी तार ताणून घ्यायचा आणि आवाज का येत नाही म्हणून पेडलला लाथा घालायचा. मी सांगितलं नाही. का सांगू?

"दे की जरा," मी म्हणायचो.

"तुझ्या हाताला लई घाम येतो. तारा गंजतेत."

भूकंप होऊन दीड-दोन वर्षं झाली होती, तरी लातूर अजून कान देऊन झोपायचं. घरोघरी फळीवर पेल्यांची उतरंड असायची. पेला पालथा, त्यावर तांब्या, त्यावर पुन्हा पेला. जमीन जराशी हलली की ती कोसळणार आणि माणसं बाहेर पळणार. मामी रोज सकाळी देवपूजेआधी ती उतरंड नीट करायची. अँप ठेवायला मात्र घरात एकच जागा होती, त्याच फळीखालची लोखंडी पेटी.

एका रविवारी दुपारी मामा डाळमिलवर होता, मामी अंगणात पापड वाळत घालत होती आणि मामेभाऊ चहाला कोपऱ्यावर गेला. गिटार खाटेवर पडलेली. मी पट्टा गळ्यात अडकवला, जाड तार सैल केली, अँपचा आवाज शेवटपर्यंत नेला, पेडलवर पाय दिला आणि हात मारला.

आला. तोच आवाज, कॅसेटमधला, अगदी तसाच. माझ्या छातीचं हाड हललं. मी पुन्हा मारला, आणखी जोरात. पेटी थरथरली, फळी थरथरली आणि उतरंड धडधडत फरशीवर आली.

"हल्लं! हल्लं!" मामी ओरडली. पुढच्या क्षणाला सगळी गल्ली रस्त्यावर होती. पोरं, म्हातारी, अंगाला साबण लावलेला एक मास्तर, समोरच्या सगळ्या मुली. शेजारच्या काकूंचं माहेर भूकंपात गेलेलं. त्या जमिनीला हात लावून बसल्या, उठेचनात. मीही गिटार गळ्यात घेऊनच पळत आलो होतो, पण त्या गोंधळात माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात मामेभाऊ आला. त्यानं आधी काय केलं असेल तर माझ्या गळ्यातली गिटार काढून ओरखडा पडला का ते पाहिलं.

मामा धावत आला तेव्हा गिटार मामेभावाच्या हातात होती. उतरंड गिटारीच्या आवाजानं पडली, एवढंच कुणीतरी सांगितलं. मामानं त्याच्या कानाखाली वाजवली. "सगळ्या गल्लीला मारायलास काय रे?"

मामेभावानं माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या मुलींकडे पाहिलं. "हाव. मीच वाजवली," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मामा, म्या वाजवली! ह्याला येतच न्हाई ते!"

मामीनं मला जवळ ओढलं. "बघा, भावाला वाचवायलंय लेकरू. गुणाचं हाय." आणि मामा तर माझ्यावर हात उचलणारच नव्हता. भाच्याला मारलं की मामाचे हात कापतात, हे आमच्याकडे शाळेआधी शिकवतात. आयुष्यात एकदाच मार खायला मी जीव टाकत होतो, तोही मामेभावानं खाल्ला.

संध्याकाळी रडणं ओसरून गल्ली हसायला लागली. मामेभाऊ त्या दिवसापासून 'भूकंपवाला' झाला. मुली त्याला त्याच नावानं हाक मारायच्या. मी गुणाचा राहिलो.

आता तो लातुरात हाडांचा डॉक्टर आहे, मी नांदेडला शाळेत मास्तर. मागच्या वर्षी गुडघा दाखवायला गेलो. ती लाल गिटार त्याच्या केबिनच्या भिंतीवर टांगलेली आहे. माझ्या आधीच्या पेशंटला तो सांगत होता, "ह्याच गिटारीनं मी अख्खी गल्ली बाहेर काढली होती." पेशंट दुखणं विसरून हसत होता.

तो गेल्यावर मामेभावानं उठून दार लावलं. माझा गुडघा दाबत, मान खाली घालून म्हणाला, "तसा आवाज मला कधीच न्हाई निघाला रे. लई वर्षं करून पाहिला. काय केलं होतंस तू?"

तीस वर्षं मी ह्याच वाक्याची वाट पाहत होतो. आणि ते त्यानं दार लावून म्हटलं.

"दार उघडून विचार," मी म्हणालो, "मग सांगतो."

तो हसला. त्यानं दार उघडलं, पण मला काही न विचारता पुढच्या पेशंटला हाक मारली.